पंचमीची काळी वडी

आबा, या पंचमीला काळी वडी कापायची राहिली. सांगण्यासारखं एवढंच आहे, पण ज्याला सांगावं असं दुसरं माणूस नाही, म्हणून तुम्हालाच लिहिते. साताऱ्यात माझ्या ओट्यावर ओव्हन आहे, वजनाचा काटा आहे, वेळ झाली की वाजणारी घंटी आहे. तुमच्याकडे पलटणीच्या लंगरातली, म्हणजे फौजी स्वयंपाकघरातली सवय होती आणि तळाला वाळू घातलेलं पातेलं होतं. तरी वडी तुमचीच निघते. शेंगदाणे मंद आचेवर भाजायचे, सालं पाखडून टाकायची, अक्रोड हातानंच मोडायचे, लोणी आणि साखर फेसून त्यात कोको चाळायचा. रजेवर येताना ट्रंकेत कपडे कमी आणि अक्रोड जास्त आणणारा लंगरातला हवालदार गावानं दुसरा पाहिला नसेल. गावाला केक म्हणता येत नव्हतं असं नाही, पण काळी वडी म्हटलं की ती आपली वाटायची. यंदा भाजली नागचतुर्थीला, म्हणजे भावासाठी धरायच्या उपवासाला. चाखायची सोय नाही, वासावरच सगळं. ती निवायच्या आत माझा डोळा लागला आणि पहाटे अख्खी वडी डब्यात घालून मी एसटी गाठली. सुरी लावायची राहून गेली हे शिराळ्याच्या स्टँडवर लक्षात आलं, तेव्हा पंचमी उजाडली होती.

ज्याच्यासाठी मी उपवास करते तो भाऊ माझ्याशी बोलत नाही, हे तुम्हाला कुणी कळवलं असेल असं वाटत नाही. तुम्ही सांगलीच्या दवाखान्यात डोळे मिटलेत तेव्हा तो पलटणीतून रजा मिळवून गाडीत बसला होता. वरून पाऊस, नदी चढलेली, चुलते म्हणाले थांबायचं नाही. अग्नी मी दिला. भटजींचे मंत्र चुकत होते ते दुरुस्तही मीच केले, संस्कृतच्या शिक्षणाचा एवढाच उपयोग. दुसऱ्या दिवशी तो आला, राखेकडे बघून परत फिरला. तेव्हापासून तो माझ्याशी बायकोमार्फत बोलतो. मी समोर बसलेली असते आणि तो म्हणतो, "तिला सांग, च्या घे." भावजय माझ्याकडे वळते आणि म्हणते, "वन्सं, च्या घ्या." दूतवाक्य इतकं जसंच्या तसं पोचवणारा दूत मी पुस्तकातही पाहिलेला नाही. पेन्शन घेऊन तो गावी आला तेव्हा वाटलं होतं, आता तरी बोलेल.

पंचमीला आपलं गाव कसं होतं, आठवतं ना? औत नाही, कुदळ नाही, विळी आडवी करून ठेवलेली, तवा उपडा. लोखंड म्हणून हलत नाही, आणि ते हलायचं थांबलं की गावात एरवी किती आवाज असतो ते कळतं. भावजयीनं पुरणाची दिंडं उकडली होती. डब्याचं झाकण काढून ती वडीकडे बघत राहिली.

"आवं वन्सं, ही अख्खीच आणलीसा? आज सुरी कशी लावायची?"

"सुरी नकोच," मी म्हटलं. "शस्त्राला मनाई आहे, सूत्राला नाही. आबा दोऱ्यानं कापायचे."

भाऊ भिंतीकडे बघून म्हणाला, "तिला सांग, दोऱ्यानं कापायचं ते आबांनी. दुसऱ्या कुणाचं काम न्हाई."

निरोप पोचवायची गरज नव्हती. भावजयीनं झाकण लावलं आणि डबा आत ओट्यावर नेऊन ठेवला.

दुपारी ती लाह्या-दूध घेऊन बायकांबरोबर वारुळाला गेली. भाऊ सोप्यात घोंगड्यावर आडवा झाला, मी समोरच्या खांबाला टेकून बसले. मधलं दार माझ्या डोळ्यांपुढं आहे, आणि स्वयंपाकघराला दुसरं दार नाही. तो घोरतोय. बाहेर कुत्रंसुद्धा भुंकत नाही. आणि आतून टुंग असा आवाज येतो. तुम्ही पलटणीच्या ओल्या खाकी दोऱ्याचं एक टोक दातांत धरायचात, दुसरं मुठीत, आणि ताण बघायला मधे बोटानं छेडायचात. तोच. ताण कमी असला की आवाज बसका यायचा, तसा पहिला बसका आला. मग जरा वेळानं दुसरा, चढा. मला उठावंसं वाटलं, पण मी खांबाला धरून बसूनच राहिले. काव्यशास्त्रात या अवस्थेला काहीतरी चांगला शब्द असेल. माझ्या तोंडी तेव्हा तो आला नाही.

घोरणं थांबलं होतं. भाऊ कोपरावर उठून बसला होता आणि भिंतीकडे नाही, माझ्याकडे बघत होता.

"ऐकलंस?" तो म्हणाला.

मला. बायकोला नाही.

आम्ही आत गेलो ते एकमेकांच्या मागं लपत गेलो. तो सैन्यात होता, हे इथं लिहिलं नसतं तर बरं झालं असतं. डबा उघडा होता. वडी शंकरपाळ्यांसारखी तिरकी कापलेली. सुरी अक्रोड चिरत जाते. दोऱ्यापुढं अक्रोड बाजूला सरतो आणि वडीच्या कडेला खळगा पडतो. सगळीकडे खळगे होते. खिडकीच्या खिळ्यावर खाकी दोरा लोंबत होता, त्याचं पाणी ओट्यावर ठिबकत होतं आणि वरचं टोक दातानं चेपलेलं होतं. तुमच्यानंतर त्या घरात खाकी दोरा आलेला नाही.

"तू कापलंस?"

"मी तुझ्यासमोर बसलेय, गड्या."

तो दोऱ्याला हात लावायला गेला आणि मागं सरला. मग, दोऱ्याकडे बघतच, म्हणाला, "आक्का, शेवटाला माझं नाव घेतलं का त्यांनी?"

हो म्हणायला काही लागत नव्हतं. पण तुम्ही ऐकत असाल असं मला त्या क्षणी खरोखर वाटत होतं. "नाव नाही घेतलं," मी म्हटलं. "लंगरातच होते मनानं. तांदूळ किती जणांचा टाकू, असं विचारत होते. मी म्हटलं, तो निघालाय, त्याचा धरून टाका. तर म्हणाले, मग वाढीव टाकतो, त्याला लय लागतं."

तो ओट्याला धरून उभा राहिला. "हे आदी सांगायचं न्हाईस व्हय?"

"कुणाला? तुझ्या बायकोला?"

त्यानं एक वडी उचलून मला दिली, मग एक स्वतः घेतली. आम्ही उभ्यानंच खाल्ल्या. अंगणात बांगड्या वाजल्या, भावजय आत आली आणि डब्याकडे बघून तिनं कपाळाला हात लावला. "अगं बया. पंचमीचं कुणी कापलं ह्ये?"

"मी," तो म्हणाला. "मी," मी म्हटलं. दोघांचं एकदमच आलं. ती एकदा त्याच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत राहिली. कापल्याचं ती विसरली असावी. आता तिला मधे बोलायचं काम उरलं नव्हतं.

संध्याकाळी शेजारीपाजारी वड्या वाटून झाल्या. हे पत्र कुठं टाकायचं नाही, तेव्हा एक गोष्ट इथंच सांगून ठेवते. भावजयीनं एक वडी बशीत घालून दिली होती, तुमच्या फोटोपुढं ठेवायला. मी ती घेऊन आत गेले आणि दाराआड उभी राहून स्वतःच खाल्ली. फोटोपुढं ती सकाळपर्यंत तशीच राहिली असती तर मला रडू आलं असतं. राहिली नसती, तर पुढच्या पंचमीला त्या घरात मी झोपू शकले नसते.