दुसऱ्या शिफ्टचं मशीन

सोमवार, ८ फेब्रुवारी १९८२
कॉम्प्युटर आज पुन्हा बसला. चारच्या सुमारास. स्टोअर्सच्या बायका टर्मिनलसमोर हात मांडीवर ठेवून बसल्या – अक्षर दाबावं तर पडद्यावर उमटत नाही. भीमराज दुसऱ्या शिफ्टचा ऑपरेटर. त्याने स्विच बंद करून परत चालू केला. झालं! बायकांचं सगळं काम पुसलं गेलं. शालनबाई म्हणाल्या, "यापेक्षा आपलं रजिस्टर बरं होतं." प्रोग्रॅम मी लिहिते, त्यामुळे हे मला ऐकवतात.

बुधवार, १०
आमच्या विभागाच्या आगटेसाहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. पर्सोनेलचे अधिकारी आधीच येऊन बसलेले.
साहेब म्हणाले, "सकाळी मशीन बसत नाही. भीमराजच्या शिफ्टलाच बसतं. तो युनियनचा माणूस. सध्या बोलणी चालू आहेत. समजतंय ना?"
मी म्हटलं, नाही समजत.
पर्सोनेलवाले हसले. त्यांना विभागाकडून लेखी हवंय – मशीनमध्ये दोष नाही म्हणून. म्हणजे माझ्याकडून! ते मिळालं की भीमराज कामावरून कमी.

गुरुवार, ११
कारखान्याची साप्ताहिक सुट्टी. सुरेंद्रला सगळं सांगितलं. "मशीनलाही संप करावासा वाटत असेल," म्हणाला आणि पेपर उलटला. नवऱ्याचा उपयोग मर्यादित.

शुक्रवार, १२
भीमराजला सरळच विचारलं.
"मॅडम, मी कशाला बंद करू? ते बंद पडलं की मी चालू करायलो!"
आणि मग बाहेर, चपलांच्या रॅकपाशी, हळू आवाजात – फाउंड्रीत होतो, छातीत धूळ बसली, डॉक्टरनं धुळीचं काम बंद करायला सांगितलं म्हणून तर इथल्या गार खोलीत आलो. भोसरीत भाड्याची खोली आहे. बायकोला – कस्तुराला – या आरोपाचं अजून काही बोललेला नाही. "उगी तिच्या जिवाला घोर."
बोलताना मध्येच खोकत होता. खोकला थांबेपर्यंत मी दुसरीकडे बघितलं.

शनिवार, १३
दुपारी डिस्कच्या कपाटाशेजारी खुर्ची टाकून बसले. आधी थोडी खडखड. मग एकेक बाई येऊन टर्मिनलवर बसते तशी खडखड वाढते. चारला प्लॅनिंगचा रिपोर्ट सुरू होतो – उद्या वर्कशॉपमध्ये कुठल्या मशीनवर कुठला पार्ट. आमच्याकडचा सगळ्यात जाडजूड प्रोग्रॅम. खडखड, खडखड – आणि एकदम शांत!
भीमराज माझ्यासमोर उभा होता. दोन्ही हात पाठीमागे. मुद्दामच ठेवले होते म्हणाला.

सोमवार, १५
सापडलं!
मशीनची मेमरी एवढीशी. सगळे प्रोग्रॅम एकदम मावत नाहीत. म्हणून ज्याचं काम थांबलंय त्याला ते डिस्कवर नेऊन ठेवतं आणि पाळी आली की परत आत घेतं. याला स्वॅप म्हणतात. त्यासाठी डिस्कवर जागा राखलेली असते. आमची जागा मशीन बसवलं तेव्हाची, चार टर्मिनल होती तेव्हाची. आज अकरा आहेत! कुणी वाढवलीच नाही. दुपारी सगळ्या बसल्या की ती भरत येते, वर हा रिपोर्ट. मग कुणाला बाहेर ठेवता येत नाही, कुणाला आत घेता येत नाही. रेल्वेच्या फाटकात दोन्ही बाजूंनी गाड्या घुसल्यावर होतं तसं.
आगटेसाहेब म्हणाले, "मग सकाळी का नाही बसत?"
सकाळी बायका टर्मिनलवर नसतात, रिपोर्ट नसतो.
"हं."

मंगळवार, १६
दुसऱ्या डिस्कवर कोरी जागा पडून होती. ती स्वॅपला दिली. अकरा टर्मिनल, रिपोर्ट, सगळं एकदम चालू. खडखड आहे, पण मशीन उभं! पाचला रिपोर्ट छापून हातात. एरवी, मशीन बसत उठत, रात्रीचे नऊ वाजायचे.
पर्सोनेलवाल्यांना लेखी दिलं. दोष मशीनच्या मांडणीत होता, माणसात नाही. "ठीक आहे," म्हणाले. एवढंच. भीमराजला बोलावून चार शब्द बोलावेत असं कुणाच्या डोक्यात आलं नाही.

बुधवार, १७
भीमराजने डबाभर शेंगापोळ्या आणल्या. कस्तुराच्या हातच्या. आता तिला सगळं सांगितलंय म्हणे – संपल्यावर. आगटेसाहेबांनीही दोन खाल्ल्या.

शनिवार, २०
आगटेसाहेब खुशीत. "अरुंधतीबाई, काम रोज पाचला संपतंय. मग दुसरी शिफ्ट चालवायची कशाला? पहिल्या तारखेपासून बंद करू."
आणि भीमराज?
"परत फाउंड्रीत. त्याची मूळ जागा तिथेच ना!"
मी त्याच्या छातीचं सांगितलं. "डॉक्टर काय, सगळ्यांनाच सांगतात." वर म्हणाले, "त्याला तुम्हीच सांगा. तुमचं ऐकतो तो."
पुन्हा एकदा बोलून बघितलं. फोन उचलून दुसऱ्या कुणाशी तरी बोलायला लागले.

रविवार, २१
भीमराजला सांगितलं नाही. तो गुणगुणत प्रिंटरला कागद लावत होता.

बुधवार, २४
सोमवारी स्वॅपची जागा कमी केली. पूर्वीइतकी कमी नाही. मशीन बसणार नाही, कुणाचं काम पुसलं जाणार नाही एवढी ठेवलीय. फक्त बायका उठून घरी जाईपर्यंत रिपोर्टला आत शिरता येत नाही. तीन दिवस झाले, नऊला छापून होतोय.
आगटेसाहेब म्हणाले, "मग राहू दे शिफ्ट. पण काय झालं असेल हो?"
म्हटलं, शोधतेय.