व्होयेजर, मी आणि सरळगाव

१० नोव्हेंबर, सोमवार. सकाळी ७.
माधुरी माहेरी सरळगावलाच राहिली. कारण क्षुल्लक. काल तिच्या भावाचा, धनेशचा साखरपुडा होता आणि मी गेलो नाही. व्होयेजर यानाच्या नेपच्यूनभेटीचा व्हिडिओ अर्ध्यावर सोडवेना. आता म्हणते, न्यायला याल तेव्हाच येईन. उत्तम! तोवर गुरूपासून पुढच्या ग्रहांवर गेलेल्या सगळ्या यानांचा इतिहास लिहून काढायचा. रोज एक प्रकरण. उद्या पायोनियर.

११ नोव्हेंबर. सकाळी ८.
पायोनियर राहिलं. चहापत्ती सापडली नाही. माधुरीला मेसेज टाकला, 'कशी आहेस? चहापत्ती कुठे आहे?'
उत्तर नाही. घाबरायचं कारण नाही. व्होयेजर-१ ला निरोप पोचायला तेवीस तास आणि उत्तर यायला आणखी तेवीस. तिकडचे शास्त्रज्ञ रुसून बसत नाहीत.

१३ नोव्हेंबर.
उत्तर आलं. 'मिठाच्या मागं.' पहिल्या प्रश्नाचं उत्तर गाळलंय. सिग्नल क्षीण असावा.

१५ नोव्हेंबर.
भातसानगरला ड्यूटी. धरणाची पातळी वहीत लिहिली. सोबतचा चांगो म्हणाला, जा ना रे, तासाभराचा तर रस्ता, बायकोला घेऊन ये. त्याला समजावलं की न्यू होरायझन्स यानाला प्लुटो गाठायला साडेनऊ वर्षं लागली. तर म्हणे, तवर वहिनी काय तिथं बसून राहल? विज्ञानाशी संबंधच नाही या माणसाचा.
इतिहासाचं शीर्षक ठरलं.

१६ नोव्हेंबर, रविवार. सकाळी ९.
आज माधुरीला आणणार. इस्त्रीचा शर्ट. पेढे घेतले.

त्याच दिवशी, संध्याकाळी ५.
मोहीम यशस्वी म्हणावी लागेल. एस.टी. सरळगावात शिरली तेव्हा माधुरी ओटीवर तांदूळ निवडत होती. शेजारी धनेश, सासूबाई, सगळेच. काय बोलायचं ते एकदम आठवेना. उतरलो नाही. व्होयेजर तरी नेपच्यूनला कुठे थांबलं? जवळून पाहिलं आणि पुढे गेलं. मी पुढे मुरबाडला गेलो. परतताना पलीकडची खिडकी धरली.
निरीक्षण : माधुरी वाळल्यासारखी वाटली.
पेढे संपले.

१७ नोव्हेंबर. सकाळी ७.
माधुरीचा फोन. म्हणाली, दोनी टायमाला दिसलात. जाताना मी हात केला, येताना तुमी सीटखाली वाकलात. धनेश दोनी टायमाला थांब्यावर धावला.
अवकाशयान थांबायचं तर इंधन किती लागतं ते सांगायला घेतलं, पण ते अर्ध्यावरच सोडलं. चुकलं म्हणालो. साखरपुड्याचंही चुकलं. तुझ्याशिवाय करमत नाही, हेही बोलून गेलो.
ती म्हणाली, रविवारी माझी मी येते. तुमी न्यायला येऊ नका, आईनं दोनदा चहा ओतून टाकला.