एका घराचं एक लाकूड

१० डिसेंबर, मंगळवार. वाटूर

दादा गेले. पहाटेच. जालन्याहून गाडी काढून मी आणि माझी बायको भावना पोचेपर्यंत अख्खी वस्ती अंगणात बसलेली. माय दादांच्या उशाशी.

नीट रडलोही नाही. कारण कंपनीचे साहेब यायला निघाले होते आणि इकडे वस्तीतला राजानंद सरपण गोळा करायला घरोघर निघालेला! आमच्या वस्तीची रीतच आहे. कुणी गेलं की प्रत्येक घरातून एक लाकूड येतं. कुणाचं खोड, कुणाच्या तुराट्या, कुणाच्या मोडक्या बाजेचा खूर. त्याचंच सरण. दुःखाच्या घरानं लाकडाला पैसा घालायचा नाही.

लहानपणी यात काही वाटायचं नाही. आज वाटलं. बियाणं कंपनीतल्या मॅनेजरचा बाप लोकांच्या लाकूडफाट्यावर? तेही साहेबांसमोर? राजानंदला अडवलं. म्हणालो, "कुणाकडून काही आणू नको. वखारीतून मागवलंय. सगळा खर्च माझा."

तो म्हणाला, "भाऊ, दादांनी लाकूड द्यायला एक घर कधी चुकवलं न्हाई. लोकायला वाईट वाटंल."

"वाटू दे."

माय ऐकत होती. ट्रॅक्टर आला, बाभळीचं लाकूड भरभरून. राजानंद आणि मंडळी सरण रचायला पुढे गेली, मी साहेबांना घ्यायला फाट्यावर.

११ डिसेंबर

काल त्रिशरण पंचशील झालं, अग्नी दिला, आणि सरण चटकन पेटलं. साहेब कानाशी म्हणाले, "व्यवस्था एकदम चोख ठेवलीस, सुमित."

बाप जळत होता आणि मला बरं वाटलं. लाज वाटते लिहायला. पण वाटलं खरं!

१२ डिसेंबर

अस्थी गोळा करायला गेलो, तर स्मशानातल्या शेडच्या मागे निम्म्याहून जास्त बाभूळ तशीच पडलेली! राजानंदला सगळ्यांसमोर झापलं. "मी पैसे मोजलेत. माझ्या बापाला अर्ध्या लाकडात उरकलं का?"

तो खाली बघत म्हणाला, "वलं व्हतं भाऊ. न्हाई पेटत तसलं."

मग सरण चटकन पेटलं कसं? डिझेल ओतलं असणार, दुसरं काय. पुढं विचारलं नाही. वखारवाल्यानं मात्र मला बरोबर गंडवलं.

१३ डिसेंबर

लाकूड आणि ट्रॅक्टरचे अठरा हजार गेलेच. आता मंडप, केटरर, बॅनर, खुर्च्या धरून दादांच्या नावानं रविवारी व्हायच्या जलदान विधीचा आणि जेवणाचा खर्च लाखाच्या वर जातोय. भावना म्हणाली, "वस्तीतल्या बायका करतातच की सगळं. आजवर कोण उपाशी गेलं?" बरोबर आहे तिचं. तरी केटररला आगाऊ रक्कम पाठवली.

१५ डिसेंबर, रविवार

जलदान विधी झाला. ऑफिसचे बरेच जण आले. वंदना झाली, दोघंतिघं दादांबद्दल बोलले. मग माईक माझ्याकडे आला. दादांचं बोलायचं ठरवलेलं — त्यांची सायकल, त्यांचं रात्रशाळेत शिकणं. ते राहिलं बाजूलाच. साहेब पुढच्या खुर्चीवर दिसले आणि तोंडातून काय निघालं?

"दादांच्या अंत्यविधीला मी कुणाच्या घरचं एक लाकूडही घेतलं नाही. सगळं स्वतःच्या कमाईतून केलं."

ऑफिसवाल्यांनी माना डोलावल्या. वस्तीतली माणसं एकमेकांकडे बघायला लागली. शेजारच्या दैवशालाकाकूंनी तोंडाला पदर लावला. रडतायत असं वाटलं. राजानंद उठला आणि पाण्याचे जार बघायला निघून गेला. माय माझ्याकडे बघत होती, मी तिच्याकडे बघितलं नाही.

वस्तीतली माणसं दोन-चार घास खाऊन उठली. पनीर उरलं, गुलाबजाम उरले. मायनं एकच सांगितलं होतं, खीर कर, त्यांना आवडायची. मेनू ठरवताना मी ती काढून टाकली. खीर फार साधी दिसते म्हणून!

१९ डिसेंबर. जालना

ऑफिसात तिघांनी विचारलं, केटरर कोण होता? नंबर दिला. दादा कसे होते हे कुणी विचारलं नाही. कसं विचारतील, मी तरी सांगितलं होतं का?

५ जानेवारी

मायला इकडे चल म्हणालो. "न्हाई रे, हितं माझे मान्सं हायेत." मी कोण मग? विचारायची हिंमत झाली नाही.

१२ जानेवारी, रविवार. वाटूर

राजानंदची आई गेली. गिरिजाबाई. खिशात पैशाचं पाकीट घालूनच आलो. माय म्हणाली, "मागच्या दारी कडूलिंबाचं लाकूड ठिवलंय. घिऊन जाय."

"आपण त्यांचं घेतलं नाही माय, ते आपलं कशाला घेतील? पैसेच देतो."

"घेतलं न्हाई कसं? तू फाट्यावर गेल्तास, तव्हा म्याच दैवशालाला घरोघर धाडलं. म्हन्लं, द्या बायांनो, पोराला कळू देऊ नका. राजानंदानं खाली समद्यायचं रचलं, वर तुझं दिसायपुरतं. तुहा बाप त्याच्यावर जळला."

म्हणजे मी माईकवर बोललो तेव्हा समोर बसलेल्या वस्तीतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं.

लाकूड खांद्यावर घेऊन गेलो. राजानंदनं दोन्ही हातांनी घेतलं. सरणात सगळ्यात खाली ठेवलं.