चिंचेने घासलेलं रिव्हॉल्व्हर

बर्मिंगहॅम, मंगळवार

प्रिय तनिषा,

पाकिटावर माझं अक्षर बघून दचकली असशील. आम्ही दोघंही ठणठणीत आहोत. फोन केला की आई शेजारी येऊन बसते आणि "स्पीकरवर टाका" म्हणते, मेसेज तर ती माझ्या आधी वाचते, म्हणून लायब्ररीत बसून लिहितोय. तू मराठी सावकाश वाचतेस, तेव्हा अक्षर सुटं काढायचा प्रयत्न आहे. दोनदा लिहिलं आणि फाडलं. मी सारखा उठून खिडकीपाशी जातोय, परत येऊन बसतोय, आणि समोरच्या टेबलावरचे गृहस्थ आता पेपराआडून माझ्याकडे बघायला लागलेत.

विषय आपल्या रिव्हॉल्व्हरचा आहे. आईला ते विकायचंय. तू लीड्सला घर घेतेयस, त्यात तिला स्वतःचं काहीतरी घालायचंय. माझ्या पेन्शनमधलं नको. मी म्हटलं, आपल्यात तुझं-माझं कधीपासून आलं? तर म्हणाली, "अहो, तुमचं ते तुमचं. केनेथनी हे मला दिलंय." आणि ते खरंच आहे. आपल्या शेजारच्या केनेथची बायको अंथरुणाला खिळली, तेव्हा वर्षभर आई त्यांच्याकडे डबा पोचवत होती, मऊ खिचडी आणि टोमॅटोचं सार. पुढे घर सोडून केअर होमला जाताना म्हाताऱ्याने ते जुन्या मखमलीत गुंडाळून तिच्या हातात ठेवलं. "इट्स वर्थ अ बिट, शैला. लुक आफ्टर इट." तू तेव्हा नर्सरीत होतीस. आईने त्यातलं 'लुक आफ्टर' तेवढं फार मनावर घेतलं.

त्याच वर्षीच्या खंडेनवमीला तिने ते पूजेत मांडायचं ठरवलं. तोवर आपली शस्त्रं म्हणजे माझा मापं घ्यायचा व्हर्नियर आणि तिची शिवणाची कात्री. आता खरंखुरं शस्त्र आलं, तर ते असं काळंकुट्ट कसं ठेवायचं? तिने चिंचेचा कोळ आणि मीठ घेतलं आणि देवाची भांडी घासावीत तसं घासलं. खालून पितळ निघालं तेव्हा तिला कोण आनंद झाला! "अहो बघा, सोन्यासारखं निघालं!" मग दर दसऱ्याला तोच सोहळा. तू जुना टूथब्रश घेऊन नक्षीच्या खाचा घासायचीस, नाकाच्या शेंड्यावर चिंच लावून घ्यायचीस. हळदकुंकू वाहून झालं की मी फोटो काढायचो. ते सगळे फोटो मी फोनमध्ये उतरवून घेतलेत, आणि हल्ली मी ते उगाचच काढून बघत बसतो.

विकायचं ठरल्यावर मी माझ्या सवयीप्रमाणे आधी पाया पक्का केला. सगळा जन्म कारखान्यात इन्स्पेक्शनला गेला, मोजल्याशिवाय मला घास गिळत नाही. हे रिमफायर आहे, म्हणजे घोडा काडतुसाच्या मधोमध न आपटता कडेवर आपटतो. त्याच्या मापाची काडतुसं केव्हाच बाजारातून गेली, म्हणून शोभेची जुनी वस्तू म्हणून ठेवायला लायसन्स लागत नाही. माप वेगळं निघालं असतं तर पोलिसांकडे जमा करावं लागलं असतं. तेव्हा पोलिसांच्या लायसन्सिंग ऑफिसलाही विचारून घेतलं. मग योग्य किंमत कशी ठरते ते वाचून काढलं. बनवणारा कोण, आतलं यंत्र चालतं का, सगळ्या भागांवर एकच नंबर आहे का, आणि मूळ मुलामा किती टिकलाय. आपलं अमेरिकन, दीडशेहून जास्त वर्षांचं. नंबर जुळतात. घोडा ओढला की सिलिंडर अजूनही टक्क करून जागेवर बसतं. बाराशे पौंड तरी कुठे जात नाहीत असं मनाशी धरून मी ऐटीत ऑक्शनवाल्यांकडे गेलो. आईला बरोबर नेलं नाही, हे देवाचे उपकार.

तिथल्या बाईंनी भिंग लावून नक्षीची एकेक खाच बघितली. मग म्हणाल्या, यावर कुणीतरी जरा जास्तच माया केलीय. तनिषा, तो काळा थर मळ नव्हताच. पितळेवर चांदीचा पातळ मुलामा होता. चांदी काळी पडते, आणि जमवणाऱ्यांना नेमकी तीच काळी पडलेली चांदी हवी असते. ती आपण चिंचेने उतरवून टाकली. नक्षी पुसट झालीय, बनवणाऱ्याचं नाव अर्धंच वाचता येतं. तीनशे पौंड, फार तर साडेतीनशे. मी विचारलं, पुन्हा मुलामा दिला तर? त्या म्हणाल्या, तसं केलंत तर तेवढेही कुणी देणार नाही. मग मी वूल्व्हरहॅम्प्टनच्या एका डीलरला दाखवलं, नंतर जुन्या शस्त्रांच्या जत्रेत चार टेबलं फिरलो. कुणी थोडं वर, कुणी थोडं खाली. किंमत अगदी योग्य आहे, हेच तर दुखणं आहे. कुणी लबाडी करत असता तर निदान भांडता आलं असतं.

पैशाचं काही नाही गं. राहिलेले माझ्या खात्यातून घालून "बाराशेला गेलं" म्हणून सांगावं, असंही मनात येऊन गेलं. पण तुझी आई पावती मागणार, ती चष्मा लावून वाचणार आणि मग माझ्याकडे बघणार. आणि खरं सांगू? मला तिची भीती नाही वाटत, मला तिच्यासाठी वाईट वाटतंय. परक्या देशात तिला कुणीतरी आपण होऊन दिलेली ही एकच मोलाची वस्तू. तिने ती जिवापाड जपली, आणि जपण्यानेच तिचं मोल गेलं. हे तिला एखाद्या अनोळखी बाईने भिंग हातात धरून सांगावं, ही कल्पनाच मला सहन होत नाही. आणि मी स्वतः सांगायला तोंड उघडतो, तर तोंडातून "चहा टाकू का" एवढंच बाहेर पडतं.

गेले काही आठवडे मी "ऑक्शनवाल्यांचा ईमेल यायचाय", "त्यांचा माणूस हॉलिडेवर आहे" असं करत वेळ काढला. रविवारी ती उखडली. "पुरे झाली तुमची चालढकल. सॅटर्डेला त्यांचा व्हॅल्युएशन डे आहे, मी स्वतः बसने जाते. मला काय इंग्लिश येत नाही?" तेव्हापासून माझं जेवणात लक्ष नाही, झोप नाही. आज सकाळी स्वयंपाकघरात गेलो तर ओट्यावर वाटीत चिंच भिजत घातलेली. त्या लोकांपुढे नेताना लखलखीत दिसायला हवं ना.

आता पत्राचं कारण. शनिवारच्या आत तू आईला फोन कर आणि म्हण, विकू नकोस, मला पैसे नकोत, मला ते रिव्हॉल्व्हरच हवंय, माझ्या घरात दसऱ्याला मांडायला. एवढं ऐकलं तर ती कुठेही जाणार नाही. पण तुला ते खरंच हवं असेल तरच हं. तू हॉस्पिटलात माणसांच्या जखमा शिवतेस, आणि मागे एकदा म्हणाली होतीस, "बाबा, माझ्या घरात गन? नो वे." तेव्हा मी हसलो होतो. आता बसल्या बसल्या कळतंय, की आमच्या घरातलं नेमकं काय तुला तुझ्या घरात हवंय, हे मी तुला कधी विचारलेलंच नाही. आणि विचारायची मला भीती वाटते. मला बरं वाटावं म्हणून हो म्हणू नकोस, तुझा आवाज ऐकून आई ओळखेल. नको असेल तर फोन करू नकोस, मी तुझ्यावर मुळीच रागावणार नाही. शनिवारी तिच्याबरोबर बसने जाईन, आणि त्या बाई भिंग काढतील तेव्हा तिच्या शेजारच्या खुर्चीत बसेन.

तुझाच,
शनिवारच्या धास्तीतला
बाबा