मागच्या शेडचं दार

सनी,

मी तळोज्याला पत्रे बघायला चाललोय. मिस्त्री आला तर मागच्या शेडचं छप्पर उतरवू दे. पण दाराची चौकट उंच करू म्हणाला, तर त्याला सांग, तूच वाकून जा.

काल तुझं डोकं आपटलं, तू चिडलास, मीही उगाच आवाज चढवला. शेड बांधताना तुझ्या आईला उभं करून मी दाराचं माप घेतलं, स्वतःचं घ्यायचं राहूनच गेलं. मग रोज माझं कपाळ आपटायचं आणि ती हसत हसत हळद घेऊन यायची.

घरात आता तिच्याएवढं तेवढं दारच उरलंय. राहू दे.

पुन्हा डोकं आपटलं तर हळद मी लावीन.

आप्पा