बिनानाकाची गाडी

यवतमाळ
मार्च, १९६३

प्रिय शकील,

पहिले कबूल करून टाकतो, मंग बाकीचं. तुह्या अब्बाच्या मोटरबॉडीच्या कारखान्यात खिडकीजवळच्या खिळ्यावर आपल्या डायव्हर डोंगरसिंगदादाचा पितळी भोंगा टांगला होता ना, रबरी फुग्याचा, तो म्या चोरला. चोरून गप बसलो असतो तर गोष्ट वेगळी होती. म्या तो वाजवला. कोठी वाजवला ते पुढं सांगतो, तोवर शिव्या जमा करून ठेव.

तू नागपूरले गेल्यापासून अठी खोडी काढावी असा मानूसच राह्यला नाही. नागोराव कंडक्टरच्या टोपीत खाजकुयली टाकली तर तो नुस्ता डोकं खाजवत बसला, त्याले वाटलं उवा झाल्या. कारखाना रोज उघडते, पन चालत नाही. मी जातो, खिळे सरळ करतो, झाडू मारतो. तुहे अब्बा, आमचे चाचा, सकाळी येतात, सागाच्या फळीवर हात फिरवतात, रंदा मारतात, मंधातच थांबतात. मोटरवाला सेठ नवीन गाडीचं काम घेऊन आला होता. चाचा म्हनले, माह्यानं होत नाही. सेठ म्हनला, मिस्त्री, तुमच्यावानी हात जिल्ह्यात नाही. चाचायनं आपल्या हाताकडं असं पाह्यलं जसा तो दुसऱ्याचा हाय.

तुले ती पहिली गाडी आठवते का? सत्तावन साली चाचायनं बांधली ती. चेसिस ट्रकची, वर सागाचा सांगाडा, खिडकीले काच नाही, ताडपत्रीचे पडदे. मांगं शिडी, टपावर कोंबड्यांचे झाप आन नवरदेवाची पेटी. समोर इंजनाचं हे लांब नाक, त्यात हँडल घालून फिरवा तवा गाडी खोकलत उठे. आपन दोघं त्या नाकावर बसून जवारीचा हुरडा खाल्ला होता आन बूड भाजून घेतलं होतं. दादाचा दरवाजा अर्धाच होता, हात बाहेर काढला की भोंगा. मंग दुसरी गाडी आली, तिले पत्रा लागला, काचा लागल्या, घंटीची दोरी लागली, अन् तू दोरी ओढून पळाला तर दादानं तुले पळसापर्यंत पळवलं. पन नाक होतं. भोंगाही तोच, जुन्या गाडीचा काढून नव्या गाडीले लावला.

तिसऱ्या गाडीच्या टाइमाले सेठ मुंबईहून फोटो घेऊन आला. शहरातली बस, थोबाड सपाट, डायव्हर एकदम काचेले चिकटून. सेठ म्हनला, नाक कापलं का सीटा वाढतात. चाचायनं तो फोटो भिताडाले लावला आन पाहून पाहून गाडी बांधली. पन मुंबईची गाडी लोखंडाची, चाचाचा इमान सागावर. त्यायनं सपाट थोबाडही सागाचंच केलं, वरून पत्रा. सुंदर झाली होती, खोटं कायले बोलू. सारं गाव पाहाले आलं होतं. डोंगरसिंगदादा गाडीभोवती फिरला आन म्हनला, मिस्त्री, हिच्यात सगळ्यात पहिले मीच पोचतो ना. सारे हासले. मंग म्हनला, माहा भोंगा लावून दे. चाचा म्हनले, सपाट थोबाडाले भोंगा शोभत नाही, आता बटन हाय, बटन दाब. तवापासून भोंगा खिळ्यावर.

पुढचं तुले मालूम हाय. पन तुहं मन ते पान उलटवून टाकते, म्हनून लिहितो. मुंबईच्या रस्त्यावर दिवेलागनीले बल्ल्यांच्या, लांब ओंडक्यांच्या बैलगाड्या उभ्या नसतात. कळंब रोडवर असतात. एका बैलगाडीचा आख मोडला, गाडीवान बैल सोडून तांड्यावर दोर मांगाले गेला, आन सागाच्या बल्ल्या मांगून हातभर बाहेर. गाडीले नाक असतं तर नाक फुटलं असतं. सागाची बल्ली सागाच्याच फळीतून आत, दादाच्या छातीत गेली. दादाच्या मांगं बसलेल्या एकाही मानसाले खरचटलं नाही.

आता माही गोष्ट. शिमग्याचे दिवस. दीक्षा घेतल्यापासून आमच्या घरी शिमगा बंद हाय, पन माह्या अंगातला कोन बंद करन. तांड्यावरचे लोक म्हनत होते का जठी गाडी ठोकली त्या बाभळीखाली दादा उभा राह्यते. म्या म्हनलं, लोकायची इच्छा हाय तर पुरी करू. भोंगा खिळ्यावरून काढला, सायकल मारली, अंधार पडाच्या पहिले बाभळीमांगं बसलो. बाजाराहून तांड्यावरचे लोक आले तसा दाबला. फुलसिंग नाईक, एवढा मिशीचा मानूस, एक जोडा तठीच टाकून पळाला. मी लोटपोट हासून राह्यलो होतो. तेवढ्यात तांड्याच्या पहिल्या झोपडीचं दार उघडलं, अन् चंदाबाई बाहेर आली. दादाची बायको. तिनं रस्त्याकडं पाह्यलं, आत गेली, आन झोपडीतून धूर निंघाला. तुले ध्यानात असन, दादा परतीच्या खेपेले तठी भोंगा मारे, तो ऐकला का ती तवा ठेवे.

माहं हासू तठीच वाळलं. दुसऱ्या दिवशी ठरवलं का जाचं नाही, फक्त दुरून पाहाचं. ती दारात उभी होती. मंग काय करतो बाप्पा, वाजवला. तवापासून रोज. घरी सांगतो हनुमान आखाड्यात कसरतीले जातो, बाप म्हनते पोरगं सुधरलं.

असं चालू होतं, आन मंग फुगा फाटला. जुनं रबर, दाबला तर नुस्ती फुस्स हवा. खरं सांगू, मले बरं वाटलं. सुटलो म्हनलं. दुपारीच भोंगा खिळ्यावर टांगला, घरी येऊन पडलो, बाहेर निंघालोच नाही. दुसऱ्या दिवशी बसस्टँडावर चंदाबाईनं मले मागून कॉलरले धरलं. म्हनली, छोरा, काल बरोबर वाजवलं. रोज म्हशीवानी दोन लांब ओढतो. तो एक लांब मारे आन दोन तुटके. काल शिकला वाटते. म्या म्हनलं, काकी, तुले मालूम होतं? तिनं मले असं पाह्यलं जसा मी अर्धा शाना हाय. म्हनली, मेल्या मानसाले फुगा दाबता येते का रे. पन एकटीसाठी कोन चूल पेटवते. तू वाजवतो तर मी पेटवते.

ती गेली आन मी तठीच उभा. काल मी घरी. भोंगा फाटका. मंग कोनं वाजवला? सन छप्पन्नपासून आमच्या घरी भूत बंद हाय, बापाले विचारलं असतं तर त्यानं मलेच बंद केलं असतं. मी कारखान्यात गेलो, आन खिळ्याकडं पाहाले माही मान वळेना. शेवटी पाह्यलं. भोंगा होता. फुग्याले सायकलच्या ट्यूबचा तुकडा लागला होता, कडेनं मेनाच्या दोऱ्यानं शिवलेला, बारीक, एकसारखा, जशी गाडीची सीट शिवतात. तसा टाका यवतमाळात एकच हात घालते, अन् तो कोनाचा हे तुले म्या सांगावं का.

त्या सांजले मी तुरीच्या वाळल्या ढिगामांगं लपून बसलो. चाचा पायी आले. एवढ्या दुरून पायी, शकील. बाभळीखाली उभे राह्यले, तांड्याकडं नाही, रस्त्याकडं तोंड करून. एक लांब, दोन तुटके. तांड्यात धूर निंघाला, पन त्यायनं पाह्यलंही नाही. त्यायले चंदाबाईसाठी नव्हता वाजवाचा. ते रस्त्यावर कोनाशी तरी बोलून राह्यले होते, अगदी आपन गिऱ्हाइकाशी बोलतो तसं. म्हनले, डोंगरसिंग, कल गाडी लेके आ. मैं नाक बिठा देतूं. आन मंग थांबले, जसा समोरचा बोलून राह्यला अन् हे ऐकून राह्यले, आन मान हालवली.

मले वाटलं होतं भूत पाहाले भेटन. भूत असतं तर बरं होतं.

दुसऱ्या दिवशी चाचा नमाजले गेले तवा कारखान्यामांगची ताडपत्री उचलून पाह्यली. तठी नाक हाय. सागाचं, लांब, गोलाईदार, आपन बसलो होतो ना तसंच. रोज रंद्यानं जी साल काढतात ती याचीच. गाडी कवाची भंगारात गेली, ते नाक कोनत्याच गाडीले बसत नाही. बाजूले एक भोक पाडून ठेवलं हाय, भोंग्यासाठी.

म्हनून हे पत्र. तू जाच्या दिवशी कारखान्यात बापाले म्हनला होता, अब्बा, तुमनेच मारा उसको. मी तठी खिळे धरून उभा होतो, तुले वाटलं मी ऐकलं नाही. चाचायनं ऐकलं, आन त्यायनं ते खरं मानलं, दुसऱ्या कोनाचं मानत नाही. फोटो सेठनं आनला, बल्ल्या अंधारात उभ्या होत्या, हे मी सांगून पाह्यलं, पन मी पडलो खोडकर, माहं कोन ऐकते. तू ये. माफी नको मांगू, तुले जमनार नाही. नुस्तं त्या ताडपत्रीजवळ बस आन म्हन, अब्बा, रंदा द्या. आन हे कोनाले सांगू नको, तुह्या खोलीतल्या पोट्ट्यालेही नाही. लोक चाचाले पागल म्हनतीन. चंदाबाईले तर बिलकुल नको. वाजवनारा मीच हाय, आन आता बरोबर वाजवाले शिकलो, असंच तिले वाटू दे. हात जोडतो, शकील, कोनाले म्हनजे कोनालेच नको.

तुहाच,
उकंडा