दहाचा पाना माझ्याकडे आहे

बाळ्या,

गाडीच्या इंजिनाचा पिवळा दिवा पुन्हा लागलाय. बॅटरी सोडून जोडलीस की गाडीचा कॉम्प्युटर विसरतो रे, दिवा विझतो, बिघाड तिथेच राहतो. आणि तेही धड करत नाहीस! किल्ली काढून आधी काळी वायर सोडायची, पंधरा मिनिटं थांबायचं, जोडताना काळी शेवटी. काल तू लालला आधी हात घातलास, पाना पत्र्याला लागून ठिणगी उडाली. मी खिडकीतून पाहिलं.

उद्या याच गाडीतून पोरींना घेऊन घाट चढणार?

तुझे बाबाही छातीत दुखलं की पित्ताची गोळी घेऊन "थांबलं बघ" म्हणायचे. ती गोळ्यांची डबी मी तेव्हाच लपवायला हवी होती.

मी बसने तुझ्या ताईकडे चाललेय. पाना शोधू नकोस, मेकॅनिक शोध.

आई